सांबा : प्रकाशन कार्यालयातील सहा वर्षांच्या वापरानंतर

दिवाळी अंकाचे काम ऐन भरात असते तेव्हा आमच्या पुण्यातील छोट्या प्रकाशन कार्यालयात एकाच लेखाच्या फाईलला दिवसभरात पाच जणांचे हात लागतात. अक्षरजुळणीचे दोन संगणक विंडोजवर चालतात, मांडणी आणि मुखपृष्ठ मॅकवर होते, हिशेब आणि जाहिरातींची नोंद आणखी एका विंडोज संगणकावर असते आणि माझा लॅपटॉप उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारावर आहे. मुद्रितशोधन करणाऱ्या काकू स्वतःचा लॅपटॉप घेऊन येतात. पूर्वी हे सारे काम पेनड्राइव्हवर चालत असे. कोणती प्रत शेवटची, याचा निवाडा फाईलच्या नावापुढे जोडलेल्या 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'हीच घ्यावी' अशा शब्दांवरून करावा लागे. २०१९ मध्ये आम्ही एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स टाकले, त्याला दोन हार्ड डिस्क जोडल्या आणि त्यावर सांबा बसवले. तेव्हापासून कार्यालयातील प्रत्येक फाईल एकाच ठिकाणी राहते आणि प्रत्येक संगणकाला ती आपल्याच एखाद्या ड्राइव्हमध्ये असल्यासारखी दिसते. या अनुभवावरून माझे मत आधीच सांगतो : फाईली वाटून वापरण्यासाठी सांबा मी कोणत्याही छोट्या कार्यालयाला निःशंकपणे सुचवीन. प्रिंटर वाटून वापरण्यासाठी मात्र आता सुचवणार नाही, आणि त्याची कारणे पुढे दिली आहेत.

सांबा म्हणजे नेमके काय, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. विंडोज संगणक एकमेकांच्या फाईली आणि प्रिंटर ज्या भाषेत मागतात, तिला एसएमबी म्हणतात. ही भाषा १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली. लिनक्स किंवा युनिक्सच्या संगणकाला ती बोलता यावी म्हणून लिहिलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणजे सांबा. विंडोजच्या संगणकावर वेगळे काहीही बसवावे लागत नाही, कारण समोर लिनक्स आहे याचा त्याला पत्ताच लागत नाही. मॅकला आणि लिनक्सच्या फाईल व्यवस्थापकांनाही ही भाषा येते. आयफोनच्या 'फाईल्स' ॲपमधूनही २०१९ पासून असा सर्व्हर उघडता येतो.

या सॉफ्टवेअरचा जन्म कसा झाला, हे जाणल्यावर त्याविषयी माझ्या मनातील आदर वाढला. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांना १९९१ च्या अखेरीस आपल्या डॉस संगणकावरून युनिक्स सर्व्हरवरची जागा वापरायची होती. या दोन यंत्रांमधील देवाणघेवाणीच्या भाषेचे नियम सांगणारा कागद त्यांच्या हाती नव्हता, म्हणून दोन यंत्रांमध्ये तारेवरून काय जाते-येते, ते टिपून त्यांनी ती भाषा उलगडली. या पद्धतीला त्यांनी पुढे फ्रेंच उपाहारगृहाची उपमा दिली. फ्रेंच येत नसलेला माणूस तेथे कोपऱ्यात बसतो, शेजारचा काय बोलला आणि त्यानंतर वेटरने काय आणून ठेवले हे पाहत राहतो, आणि हळूहळू त्याला पाव कसा मागायचा ते कळते. प्रकल्पाचे आधीचे नाव दुसऱ्या कंपनीच्या व्यापारचिन्हाशी जुळत असल्याने ते बदलावे लागले. तेव्हा त्यांनी युनिक्सच्या शब्दसूचीत एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द शोधले आणि त्यांतून 'सांबा' निवडला. पुढे जेरेमी ॲलिसन आणि इतर अनेकांनी हे काम उभे केले. मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्व्हरच्या अशा भाषांची माहिती स्पर्धकांना द्यावी, हा युरोपीय आयोगाचा निर्णय न्यायालयात टिकल्यानंतर डिसेंबर २००७ मध्ये या मंडळींना १०,००० युरोंच्या एकरकमी मोबदल्यावर अधिकृत तांत्रिक कागदपत्रे मिळाली. म्हणजे तोवरची पंधरा-सोळा वर्षे हे काम मुख्यतः निरीक्षणावर आणि चाचण्यांवर चालले होते.

बसवण्याचे काम मुळात सोपे आहे. डेबियन किंवा उबुंटूवर एका आज्ञेने सांबा बसते आणि त्याची सारी मांडणी 'एसएमबी डॉट कॉन्फ' या एकाच साध्या मजकुराच्या फाईलमध्ये राहते. वर सर्वांना लागू असलेले नियम आणि खाली प्रत्येक शेअरसाठी, म्हणजे वाटून दिलेल्या प्रत्येक फोल्डरसाठी, चार-पाच ओळींचा एक परिच्छेद, एवढाच तिचा आराखडा असतो. आमची फाईल आजही साठ ओळींच्या आत आहे. बदल केल्यावर 'टेस्टपार्म' ही आज्ञा चालवली की लिहिताना झालेली चूक लगेच कळते. ही सवय प्रत्येकाने पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, असे मी आवर्जून सांगेन.

नवख्या माणसाला तीन ठिकाणी अडखळायला होते आणि मीही तिन्ही ठिकाणी अडखळलो. पहिली अडचण पासवर्डची. लिनक्सवर माणसाचे खाते उघडले म्हणजे सांबाचा पासवर्ड आपोआप तयार होत नाही, कारण विंडोजला लागणारे पासवर्डचे रूप वेगळे असते आणि सांबा ते आपल्या स्वतंत्र नोंदीत ठेवते. प्रत्येक खात्यासाठी 'एसएमबीपासडब्ल्यूडी' ही आज्ञा वेगळी चालवावी लागते. दुसरी अडचण विंडोजच्या बाजूची आहे. एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडून घेणे विंडोजला मान्य नसते. त्यामुळे एखाद्या संगणकात आधीच्या माणसाचा पासवर्ड जतन झालेला असेल, तर नवा माणूस कितीही अचूक पासवर्ड देवो, त्याला आत जाता येत नाही. आधीची जतन केलेली ओळख पुसली की काम होते, पण हे ठाऊक नसेल तर दोष सर्व्हरच्या माथी मारला जातो.

तिसरी अडचण परवानग्यांची आहे आणि तिच्याविषयी जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण बहुतेक कार्यालयांत सांबावरचा विश्वास याच ठिकाणी उडतो. मी स्वतः मांडणी केल्यानंतर पहिल्याच आठवड्यात काकूंनी विचारले, "दादा, फाईल उघडते आहे, मग सेव्ह का होत नाही?" शोध घेतल्यावर उलगडा झाला. वर्ड हा कार्यक्रम फाईल साठवताना जुन्या फाईलवर लिहीत नाही. तो शेजारी नवी फाईल तयार करतो आणि शेवटी तिला जुन्या फाईलचे नाव देतो. त्यामुळे जो शेवटी साठवतो, त्याच्या मालकीची ती फाईल होते, आणि सांबाच्या मूळ मांडणीत नव्या फाईलवर लिहिण्याचा अधिकार फक्त मालकाला मिळतो. सकाळी अक्षरजुळणी करणाऱ्याने फाईल साठवली की दुपारी काकूंना ती वाचता येई, पण दुरुस्त करता येत नसे. यावरचा उपाय चार ओळींचा आहे. सर्वांना एका गटात घालायचे, त्या शेअरमध्ये तयार होणारी प्रत्येक फाईल सक्तीने त्याच गटाची करायची, आणि नव्या फाईलींच्या व फोल्डरांच्या परवानग्या ठरवणारे 'क्रिएट मास्क' ०६६० आणि 'डिरेक्टरी मास्क' २७७० ठेवायचे. यानंतर ही तक्रार आमच्याकडे पुन्हा आलेली नाही.

हा उपाय ठाऊक नसलेले लोक दुसरी वाट धरतात आणि सगळे फोल्डर सगळ्यांना सताड उघडे करून टाकतात. आमचा सर्व्हर पहिल्यांदा ज्या तंत्रज्ञांनी लावून दिला, त्यांनी हेच केले होते : पासवर्ड नाही, कोणीही पाहुणा म्हणून आत यावे आणि काहीही पुसावे. इंटरनेटवर मिळणाऱ्या जुन्या मार्गदर्शनपर लेखांतही हीच शिकवण सापडते. त्यांतील कित्येक लेख 'सिक्युरिटी'चे मूल्य 'शेअर' ठेवायला सांगतात, पण सांबाच्या ४.० या आवृत्तीपासून तो पर्यायच काढून टाकलेला आहे. वेग वाढावा म्हणून 'सॉकेट ऑप्शन्स'ची एक लांबलचक ओळही अनेक लेखांत दिलेली असते. आजच्या लिनक्सवर ती ओळ वेग कमी करण्याचीच शक्यता अधिक आहे, म्हणून ती सापडल्यास खोडून टाकावी. पाहुण्यांचा प्रवेश तर आता विंडोजलाही चालत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत प्रो संगणकांवर तो मुळातच बंद ठेवलेला आहे, म्हणून ज्यांचे जुने सर्व्हर पासवर्डाविना चालत होते, त्यांना नवा संगणक आणल्यावर अचानक दार बंद झालेले दिसते.

रोजच्या वापरात सांबाचा वेग समाधानकारक आहे. एक गिगाबिटच्या साध्या नेटवर्कवर मुखपृष्ठाच्या मोठ्या फाईली सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट या गतीने उतरतात, आणि ही त्या तारेचीच मर्यादा आहे. हजारो बारीक फाईलींचे फोल्डर हलवताना मात्र गती स्पष्टपणे मंदावते. फोल्डरमध्ये फाईलींची संख्या फार झाली तरी तसेच होते, आणि त्यामागे एक खरी अडचण आहे. विंडोजच्या लेखी इंग्रजी नावातील लहान-मोठी अक्षरे सारखीच असतात, लिनक्सच्या लेखी ती वेगळी असतात. एखादे नाव जसेच्या तसे सापडले नाही तर ते दुसऱ्या रूपात आहे का, हे पाहण्यासाठी सांबाला सगळे फोल्डर चाळावे लागते. आम्ही छायाचित्रांचे एकच अवाढव्य फोल्डर वर्षवार विभागले आणि हा त्रास संपला.

एकाच फाईलवर दोघांनी एकदम काम करण्याचा प्रसंग सांबा उत्तम हाताळते. एकाने लेख उघडलेला असताना दुसऱ्याने तो उघडला की तो कोणाकडे उघडा आहे हे वर्ड सांगतो आणि दुसऱ्याला फक्त वाचण्यासाठी प्रत देतो. 'एसएमबीस्टेटस' ही आज्ञा दिली की कोणत्या संगणकाने कोणती फाईल धरून ठेवली आहे, याची यादी माझ्यासमोर येते. छापखान्यात फर्मा पाठवण्याच्या संध्याकाळी या यादीने आमचा बराच वेळ वाचवला आहे. एक पथ्य मात्र पाळावे लागते. सर्व्हरवर थेट बसून, सांबाला वगळून, त्याच फाईली संपादित करू नयेत, कारण विंडोजच्या पद्धतीची ही राखण सांबाच्या दारातून येणाऱ्यांपुरतीच असते.

आता मराठी वापरकर्त्यांच्या खास कामाची गोष्ट. सांबाला देवनागरी नावांची अजिबात अडचण नाही. ते मुळातच युनिकोड वापरते आणि आमच्याकडील जवळपास सगळी फोल्डरे मराठी नावांची आहेत. पण लांब नावांच्या बाबतीत एक मर्यादा आहे आणि ती इंग्रजीत काम करणाऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही. विंडोजमध्ये फाईलचे नाव २५५ चिन्हांचे असू शकते. लिनक्सच्या नेहमीच्या फाईल व्यवस्थेत ही मर्यादा २५५ बाइटांची आहे, आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. चिन्ह म्हणजे संपूर्ण अक्षर नव्हे. मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याचे चिन्ह ही सगळी स्वतंत्र मोजली जातात. त्यामुळे मराठी नावाची खरी मर्यादा जेमतेम ८५ चिन्हांवर येते. आमच्याकडे एका फाईलचे नाव होते, 'ग्रामीण साहित्य विशेषांकासाठी आलेल्या कथांची दुसरी तपासणी झालेली अंतिम प्रत मुखपृष्ठ मजकुरासह'. मोजून पाहिले तर त्यात देवनागरीची ८२ चिन्हे आणि ११ मोकळ्या जागा भरतात. वर्डची पाच चिन्हांची शेपटी जोडली की विंडोजच्या हिशेबाने ती अवघी ९८ चिन्हे होतात, पण लिनक्सच्या हिशेबाने २६२ बाइट. विंडोज संगणकावर ही फाईल सुखाने राहत होती आणि सर्व्हरवर काही केल्या उतरत नव्हती. हा दोष सांबाचा नाही, त्याच्याखालच्या फाईल व्यवस्थेचा आहे, तरी ज्याचे काम अडते त्याला हा फरक सांगून उपयोग नसतो. आम्ही नावे आखूड ठेवण्याचा नियम केला आणि 'अंतिम'ऐवजी तारीख लिहू लागलो.

दुसरी अडचण याहून बारीक आहे आणि ती खास मराठीच्या वाट्याला आलेली आहे. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'सुधारणाऱ्या' अशा शब्दांत आपण ज्या 'ऱ'चा अर्धा आकार वापरतो, त्याला युनिकोडमध्ये एक स्वतंत्र चिन्ह आहे, पण तेच अक्षर 'र' आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाईल व्यवस्था नावे साठवताना अशा अक्षरांची फोड करून ठेवते. आमच्या जुन्या मॅकच्या डिस्कवरचा संग्रह मी थेट सर्व्हरवर उतरवला तेव्हा फोड केलेली नावे जशीच्या तशी आली. परिणामी 'दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना' या एकाच दिसणाऱ्या नावाच्या दोन फाईली एका फोल्डरमध्ये नांदू लागल्या, आणि शोध घेताना त्यांपैकी एकच सापडे. नावे एकाच रूपात आणणाऱ्या 'कॉन्व्हएमव्ही' या छोट्या साधनाने हे निस्तरता आले. सांबाच्या वाटेने मॅकवरून रोज जाणाऱ्या-येणाऱ्या फाईलींत मला हा त्रास आढळलेला नाही. जुना संग्रह दुसऱ्या मार्गाने उतरवणाऱ्या मराठी प्रकाशकांनी मात्र ही खबरदारी घ्यावी.

पुसल्या गेलेल्या फाईली परत मिळवून देणारी सोय हा माझ्या दृष्टीने सांबाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. नेटवर्कवरच्या शेअरमधून फाईल पुसली तर ती विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती गेलीच. सगळ्यांना सगळे उघडे असण्याच्या आमच्या पहिल्या वर्षात कवितांचे एक संपूर्ण फोल्डर असे नाहीसे झाले. सतरा कवींना पुन्हा फोन करून कविता मागवाव्या लागल्या आणि त्यांतील दोघांकडे हस्तलिखिताशिवाय दुसरी प्रत नव्हती. त्यानंतर मी सांबाचे 'रिसायकल' हे जोडअंग सुरू केले. आता पुसलेली प्रत्येक फाईल त्या-त्या व्यक्तीच्या नावाच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये, मूळ फोल्डरांच्या रचनेसह, जाऊन बसते. सहा वर्षांत त्यातून मी किती वेळा फाईली काढून दिल्या, याची मोजदाद ठेवलेली नाही, पण दिवाळी अंकाच्या दिवसांत आठवड्यातून एकदा तरी हा प्रसंग येतो. या सोयीच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. हे फोल्डर आपोआप रिकामे होत नाही, त्यामुळे ठरावीक दिवसांनंतर जुन्या फाईली काढणारे वेळापत्रक आपणच लावावे लागते. आणि एका फाईलवर चुकून दुसरा मजकूर साठवला गेला, तर हे जोडअंग उपयोगी पडत नाही, कारण तेथे काही पुसले गेलेले नसते. त्यासाठी बीटीआरएफएस किंवा झेडएफएससारख्या फाईल व्यवस्थेत ठरावीक वेळाने घेतलेल्या प्रती सांबाच्या दुसऱ्या जोडअंगामार्फत विंडोजच्या 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मध्ये दाखवता येतात. आम्ही हे दोन वर्षांपूर्वी केले, आणि आधी करायला हवे होते.

मॅकसाठी 'फ्रूट' नावाचे जोडअंग लावणे जवळजवळ अनिवार्य आहे. ते नसताना मॅक प्रत्येक फाईलमागे टिंबाने सुरू होणारी एक जोडफाईल ठेवतो आणि विंडोजवाल्यांना फोल्डरात दुप्पट कचरा दिसतो. सांबाच्या ४.८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, मॅकचा टाइम मशीन बॅकअपही अशा शेअरवर घेता येतो. आमच्या मांडणीकाराचा बॅकअप तसाच चालतो.

सुरक्षेच्या बाबतीत सांबाची बाजू स्वच्छपणे मांडली पाहिजे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने विंडोजमधील एसएमबीच्या पहिल्या पिढीच्या अंमलबजावणीतील भोकाचा फायदा घेतला. तो दोष सांबाचा नव्हता. पण त्याच महिन्यात सांबातही एक गंभीर भोक उघडकीस आले. लिहिण्याची परवानगी असलेल्या शेअरमध्ये एखादी घातक फाईल ठेवून ती सर्व्हरकडून चालवून घेणे त्यामुळे शक्य होते, आणि ३.५ पासूनच्या आवृत्त्यांत, म्हणजे सुमारे सात वर्षे, ते भोक होते. दुरुस्ती लगेच आली, तरी ज्या यंत्रांत सांबा आत दडलेले असते आणि ज्यांची आवृत्ती कोणी बदलत नाही, त्यांचा धोका कायम राहिला. विकत मिळणाऱ्या बहुतेक नॅस पेट्यांच्या, म्हणजे नेटवर्कला जोडायच्या तयार साठवणपेट्यांच्या, पोटात सांबाच असते. अशी पेटी वापरणाऱ्यांनी तिच्या सुधारणा वेळेवर घेणे, हीच त्यांची सांबाची निगा आहे. एसएमबी ज्यावरून चालते ते ४४५ क्रमांकाचे दार (पोर्ट) इंटरनेटच्या बाजूने कधीही उघडे ठेवू नये. घरून काम करायचे असेल तर व्हीपीएन वापरावे.

याच संदर्भात आमच्याकडील एका जुन्या संगणकाची हकीकत सांगण्यासारखी आहे. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या शेकडो पुस्तकांच्या पेजमेकर फाईली आमच्याकडे आहेत आणि त्या नीट उघडणारा एकच संगणक विंडोज एक्सपीवर चालतो. पुण्यातल्या कोणत्याही जुन्या डीटीपी केंद्रात असा एखादा संगणक सापडेल. एक्सपीला एसएमबीची केवळ पहिली पिढी समजते. २०२१ मध्ये आम्ही डेबियनची नवी आवृत्ती घेतली आणि त्यासोबत सांबा ४.९ वरून ४.१३ वर गेले, तेव्हा तो संगणक सर्व्हरला जोडलाच जाईना. सांबाने ४.११ पासून पहिली पिढी मुळातच बंद ठेवली आहे. एका ओळीने ती पुन्हा सुरू करता येते आणि तसा मोह मला झाला, परंतु एका संगणकासाठी सगळ्या कार्यालयाचे दार किलकिले ठेवणे मला पटले नाही. आम्ही एक्सपीची नेटवर्कची तार काढून घेतली. त्यावरच्या फाईली पेनड्राइव्हने आणून, युनिकोडमध्ये रूपांतर करून सर्व्हरवर ठेवण्याचे काम अजून चालू आहे. सांबाच्या मंडळींचा हा निर्णय आम्हाला गैरसोयीचा ठरला, तरी तो योग्यच होता.

नेटवर्कवर सर्व्हर आपोआप न दिसणे ही मात्र विनाकारण छळणारी उणीव आहे. पहिली पिढी बंद झाल्यावर विंडोजच्या 'नेटवर्क' खिडकीतून सांबाचे सर्व्हर नाहीसे झाले, कारण विंडोज आता शेजाऱ्यांचा शोध वेगळ्या पद्धतीने घेते आणि सांबा स्वतः ती पद्धत बोलत नाही. 'डब्ल्यूएसडीडी' नावाचा छोटा कार्यक्रम सोबत बसवला की सर्व्हर पुन्हा दिसू लागतो. ही सोय सांबाच्याच अंगात असायला हवी होती. सर्व्हर चालू असूनही दिसत नाही, एवढ्या एका कारणाने सांबाला नावे ठेवून सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत.

आता प्रिंटर. २०१९ मध्ये आमचा प्रूफ काढण्याचा लेझर प्रिंटर सर्व्हरला यूएसबीने जोडलेला होता. लिनक्सवरील कप्स ही छपाई व्यवस्था त्याला चालवत असे आणि सांबा तो विंडोजला दाखवत असे. विंडोजचा ड्रायव्हर सर्व्हरवरच ठेवला की नव्या संगणकावर प्रिंटरच्या नावावर दोनदा क्लिक केले तरी पुरे. ही सोय मला फार आवडली होती. २०२१ च्या उन्हाळ्यात विंडोजच्या छपाई सेवेत प्रिंटनाइटमेअर हे भोक सापडले आणि त्यानंतरच्या सुधारणांनी सर्व्हरवरून ड्रायव्हर घेण्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड सक्तीचा केला. प्रत्येक संगणकापाशी मला जाऊन बसावे लागू लागले. शिवाय सांबाला विंडोज ड्रायव्हरांची तिसरी पिढीच चालते, चौथी चालत नाही, आणि मायक्रोसॉफ्टने तर २०२३ मध्ये कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. सारांश असा, की ज्या पायावर सांबाची छपाई उभी होती, तो पायच काढून घेतला जात आहे. आम्ही प्रिंटर सांबातून काढला आणि कप्सकडून थेट आयपीपी या छपाईसाठीच्या नेटवर्क भाषेतून सर्वांना दिला. विंडोजमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि ६३१ हा पोर्ट एकदा लिहावा लागतो, मॅक आणि उबुंटूला प्रिंटर आपोआप दिसतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हाच मार्ग धरावा. नवा प्रिंटर घेताना तो स्वतःच नेटवर्कवर आयपीपी बोलतो का, एवढे दुकानात विचारून घेतले तर सर्व्हरचा संबंधच उरत नाही.

डिसेंबर २०१२ मधील ४.० या आवृत्तीपासून सांबा विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा, म्हणजे सर्वांची खाती आणि पासवर्ड एका जागी सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा, मुख्य सर्व्हर म्हणूनही काम करू शकते. शाळा किंवा मोठ्या संस्थेसाठी हे आकर्षक आहे. पाच-सात संगणकांच्या कार्यालयाला त्याची गरज नाही, आणि हे काम करणाऱ्या सर्व्हरवरच फाईली ठेवू नयेत असे सांबाचे लोक स्वतःच सांगतात, म्हणजे यंत्रे दोन लागतात. मी ते वापरलेले नसल्याने याहून अधिक लिहीत नाही.

पर्यायांचा विचार आम्ही केला होता. विंडोजच्या साध्या संगणकावरूनही फोल्डर वाटता येते आणि एका वेळी वीस जोडण्यांपर्यंत ते चालते. पण तो संगणक कोणाचा तरी रोजचा असतो, तो बंद झाला की सगळ्यांचे काम थांबते. विंडोज सर्व्हर घ्यायचा तर मूळ परवान्याशिवाय वापरणाऱ्यांच्या संख्येनुसारही परवाने घ्यावे लागतात. इंटरनेटवरील साठवण सोयीची आहे, तरी मुखपृष्ठाची दीड-दोन जीबीची फाईल दिवसातून दहा वेळा वर-खाली करणे आमच्या जोडणीला झेपत नाही. सांबाचा परवाना जीपीएल हा मुक्तस्रोत परवाना असल्यामुळे सॉफ्टवेअरचा खर्च शून्य आहे. आमचा प्रत्यक्ष खर्च दोन हार्ड डिस्क, एक यूपीएस आणि एक स्विच एवढाच झाला. जुना डेस्कटॉप होताच, आणि आठ जीबी मेमरीत आमचे काम कधी अडलेले नाही. वेळेचा खर्च मात्र खरा आहे. तंत्रज्ञांनंतर मी स्वतः केलेल्या मांडणीला माझे दोन पूर्ण दिवस गेले आणि परवानग्या मनासारख्या बसायला आणखी आठवडा लागला. ज्यांच्याकडे आज्ञा टाइप करण्याची तयारी असलेला एकही माणूस नाही, त्यांनी नॅस पेटी घ्यावी. पडद्यावरची बटणे वेगळी असली तरी आत बहुधा सांबाच असेल.

सध्या आमचा सर्व्हर डेबियन १२ वर सांबा ४.१७ चालवतो. या वर्षीच्या अंकाच्या फाईली छापखान्यात गेल्या की डेबियन १३ आणि त्यासोबतचे ४.२२ घ्यायचे ठरवले आहे. त्याआधी 'एसएमबी डॉट कॉन्फ' आणि पासवर्डांची नोंद या दोन्हींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवली आहे, आणि त्या फोल्डरचे नाव मुद्दाम आखूड ठेवले आहे : 'सांबा जुने'.